‘शिक्षा’ : एका हवाई कवाइतीची हकीकत

मराठींत ‘शिक्षा’ म्हटलें कीं न्यायाधीशाचें आसन किंवा पंतोजींची छडी डोळ्यांपुढें येते. हिंदींत त्याच शब्दाचा अर्थ अध्ययन, अभ्यास असा आहे. १९६३ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत भारताच्या आकाशांत जी एक मोठी हवाई कवाइत झाली तिचें नांव ‘शिक्षा’ असें होतें, आणि तें अर्थात् हिंदी अर्थानेंच ठेविलेलें होतें. परंतु त्या आधींचें एक वर्ष ज्यांनीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें होतें, अशा मराठी वाचकाला वर्तमानपत्रांत तें नांव दिसतांच शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम सुचले असतील, तर त्यांत नवल नाहीं.

या कवाइतींत भारतीय विमानदळाबरोबर अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन राष्ट्रांचीं विमानें सामील झालीं. अमेरिकेचीं एफ-१०० सुपर सेबर जातीचीं विमानें आलीं, ब्रिटनचीं जॅव्हेलिन आलीं आणि ऑस्ट्रेलियाचीं कॅनबेरा आलीं. दिल्लीचें पालम आणि बंगालमधील खरगपूरजवळचें कलाईकुंडा हीं नांवें त्या दिवसांत पुष्कळांच्या तोंडीं झालीं. स्वातंत्र्य मिळून सोळा वर्षें झालीं होतीं. ज्या ब्रिटिश विमानदळानें १९४७ सालीं येथून काढता पाय घेतला होता, त्याचेच वैमानिक आतां पाहुणे म्हणून परत आले होते. आणि त्यांना बोलाविणारा देश कोणता, तर कोणत्याहि लष्करी गटांत शिरावयाचें नाहीं हें ज्यानें आपल्या परराष्ट्रनीतीचें पहिलें सूत्र मानलें होतें तो. हें कसें घडलें, आणि पाहुणे परत गेल्यावर घरांत काय शिल्लक राहिलें, याची हकीकत मनोरंजक आहे. पण ती केवळ मनोरंजक नाहीं.

तिचा आरंभ १९६२ च्या शरद ऋतूंत होतो. २० ऑक्टोबर रोजीं चीनच्या सैन्यानें लडाख आणि ईशान्य सीमेवर एकाच वेळीं हल्ला चढविला. महिनाभरांत से-ला खिंड पडली, बोमदिला पडलें, आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याचा दरवाजा उघडा झाला. तेजपूर शहर रिकामें होऊं लागलें; शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून तेथील बँकेंतील नोटा जाळून टाकण्यांत आल्या. या सर्व काळांत भारताच्या विमानदळानें माणसें आणि सामान वाहण्याचें काम मोठ्या हिंमतीनें केलें. परंतु लढाऊ आणि बाँबफेकीं विमानें मात्र जमिनीवरच राहिलीं. आपण विमानें वापरलीं तर शत्रूहि वापरील, आणि मग कलकत्ता व उत्तरेकडील शहरें यांचें रक्षण करतां येणार नाहीं, ही भीति त्या निर्णयाच्या मुळाशीं होती. ती भीति रास्त होती कीं अतिरेकी होती, यावर लष्करी अभ्यासकांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तिबेटांतील धांवपट्ट्या इतक्या उंचावर होत्या कीं, तेथील विरळ हवेंत जड बाँब घेऊन विमान उडविणें चिन्यांनाहि सोपें गेलें नसतें, असें पुढें अनेकांनीं दाखवून दिलें. पण त्या नोव्हेंबरांत दिल्लींत बसून हें कोणी ठामपणें सांगूं शकलें नाहीं, आणि सांगतें तरी त्यावर विसंबून शहरें पणाला कोण लावणार होता?

१९ नोव्हेंबर १९६२ या एकाच दिवशीं पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रें पाठविलीं. दुसरें पत्र पहिल्याहून अधिक निकडीचें होतें. त्यांत सर्व ऋतूंत व रात्रंदिवस लढूं शकतील अशा स्वनातीत लढाऊ विमानांच्या निदान बारा स्क्वाड्रन मागितल्या होत्या. त्याशिवाय आधुनिक रडारयंत्रणा, आणि बी-४७ बाँबफेक्या विमानांच्या दोन स्क्वाड्रन. भारतीय माणसें तयार होईपर्यंत हीं लढाऊ विमानें व रडारें अमेरिकन माणसांनींच चालवावीं, असा त्या मागणीचा अर्थ होता. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर, भारतीय शहरांवरील आकाश कांहीं काळ परक्या हातांत सोंपविण्याची ती तयारी होती. वॉशिंग्टनमधील राजदूत बी. के. नेहरू यांना तें पत्र केनेडींच्या हातीं देणें फार जड गेलें. तें त्यांनीं आपल्या कचेरींतील माणसांनाहि दाखविलें नाहीं. दिल्लींतहि त्याची वार्ता फार थोड्यांना होती. १९६५ सालीं सुधीर घोष यांनीं राज्यसभेंत त्या मागणीचा उल्लेख केला तेव्हां सरकारकडून इन्कारच झाला.

पत्रें पोहोंचलीं न पोहोंचलीं तोंच २१ नोव्हेंबरला चीननें आपण होऊन युद्ध थांबविलें. त्याच दिवशीं यशवंतराव चव्हाण यांनीं संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. सह्याद्रि हिमालयाच्या साहाय्याला धांवला, हें वाक्य महाराष्ट्रांत घरोघर झालें तें त्या वेळचें. बारा स्क्वाड्रन आल्या नाहींत. अमेरिकेचीं बारा सी-१३० मालवाहू विमानें मात्र आलीं आणि लडाखकडे माणसें व सामान नेऊं लागलीं.

येथें थोडें थांबून हवाई संरक्षण म्हणजे नेमकें काय, तें पाहिलें पाहिजे. नाहींतर पुढील सारी खटपट कशासाठीं होती हें ध्यानांत येणार नाहीं. शहराचें रक्षण विमानें करतात, असा सामान्य समज आहे. वस्तुतः तें घड्याळ करतें. माना खिंडीपासून दिल्ली सरळ रेषेंत सुमारे २१५ मैल आहे. ताशीं ५०० मैल वेगानें जाणारें बाँबफेकें विमान तें अंतर २६ मिनिटांत तोडतें. या २६ मिनिटांत काय काय व्हावयास हवें? प्रथम रडारच्या पडद्यावर ठिपका उमटला पाहिजे. आणि रडारचे किरण सरळ जात असल्यामुळें हिमालयाच्या पलीकडचें त्याला कांहीं दिसत नाहीं, म्हणजे ठिपका उमटेपर्यंतच कांहीं मिनिटें गेलेलीं असतात. मग तो ठिपका कोणाचा, हें ठरवावयाचें. तें रस्ता चुकलेलें प्रवासी विमान असेल, आपलेंच मालवाहू विमान असेल, किंवा ढगांनीं घातलेला चकवाहि असेल. त्या वेळीं कोणकोणतीं विमानें हवेंत असावयास हवीं, याची यादी नियंत्रणकक्षांत असते. तिच्याशीं ताडून पाहावयाचें. ओळख पटली नाहीं तर कोणीतरी एका माणसानें निर्णय घेऊन हुकूम सोडावयाचा. वैमानिकानें धांवत जाऊन विमानांत बसावयाचें, तें उडवावयाचें आणि ३०-४० हजार फूट उंची गाठावयाची. एवढें झाल्यावरहि त्याला शत्रु दिसत नाहीं. खालीं अंधाऱ्या खोलींत बसलेला नियंत्रक त्याला डावीकडे वळ, उजवीकडे वळ, आणखी वर जा, असें सांगत सांगत शत्रूच्या पाठीवर नेऊन सोडतो. दिवस असला आणि आकाश निरभ्र असलें तर पुढील काम डोळे करतात. रात्र असली किंवा पावसाळी ढग असले तर विमानाच्या नाकांतच एक लहान रडार आणि तें वाचण्यासाठीं बहुधा दुसरा माणूस लागतो.

ही पद्धति प्रथम पूर्णत्वास गेली ती १९४० सालीं इंग्लंडांत, सर ह्यू डाउडिंग यांच्या हाताखालीं. लंडनच्या रक्षणाचें श्रेय तरुण वैमानिकांना मिळालें, आणि तें योग्यच झालें. परंतु मेजावर लांकडी खुणा सरकविणाऱ्या मुलींनीं आणि दूरध्वनीवर बसलेल्या कारकुनांनीं मिनिटें वांचविलीं नसतीं, तर त्या वैमानिकांना उडावयास वेळच मिळाला नसता.

१९६२ च्या भारताजवळ हंटर होतीं, नॅट होतीं, फ्रेंच मिस्टेर होतीं. दिवसाच्या लढतीसाठीं हीं विमानें कोणाहून कमी नव्हतीं. उणीव होती ती दुसरीकडे. रात्रीं लढण्यासाठीं व्हँपायर जातीच्या जुन्या विमानांची एक दहावी स्क्वाड्रन तेवढी होती. रडारें मोजकीं आणि जुन्या घडणीचीं होतीं. उत्तरेची दीर्घ सीमा त्यांच्या दृष्टीबाहेरच होती. कारण त्या दिशेकडून विमानें येतील अशी कल्पनाच आधीं कोणी केली नव्हती. म्हणजे तलवार होती, पण पाहावयास डोळे नव्हते. आणि डोळे एका रात्रींत उसने मिळत नाहींत.

१९६३ च्या आरंभीं अमेरिका व राष्ट्रकुल यांचें एक संयुक्त हवाई मंडळ पाहणीसाठीं आलें. त्याबरोबर ‘हवाई छत्री’ हा शब्द वर्तमानपत्रांत व संसदेंत फिरूं लागला, आणि त्यानें मोठा गोंधळ माजविला. उसनी नेलेली छत्री परत करावयाची विसरते, हा मुंबईच्या पावसाळ्यांतील नित्याचा अनुभव. पण या छत्रीची गोष्ट निराळी होती. ही छत्री देणाऱ्याच्याच हातांत राहावयाची होती, आणि पाऊस आला कीं त्यानें ती उघडावयाची होती. डाव्या पक्षांनीं विरोध केला कीं, हें अलिप्ततेचें विसर्जन आहे. दुसऱ्या बाजूस असे म्हणणारेहि होते कीं, अलिप्ततेचें जें व्हावयाचें तें बोमदिल्यालाच झालें. आतां लाज कशाची? दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्याचा अंश होता, आणि दोघांनाहि १९ नोव्हेंबरच्या पत्रांतील मजकूर ठाऊक नव्हता. तो ठाऊक असता तर वाद अधिक प्रामाणिक झाला असता. पंतप्रधानांनीं तो लोकांपुढें ठेवावयास हवा होता असें म्हणणें आज सोपें आहे. पण ज्या संकटांत सरकार सांपडलें होतें त्याची खोली लोकांपासून लपविल्यामुळें पुढील प्रत्येक पावलाकडे संशयानें पाहिलें गेलें, हेंहि खरें आहे.

त्या उन्हाळ्यांतील वातावरण किती नाजूक होतें, याचें एक उदाहरण खुद्द नभोवाणीच्या क्षेत्रांतलेंच आहे. जुलै १९६३ मध्यें अमेरिकेकडून एक प्रचंड शक्तीचें प्रक्षेपणयंत्र घ्यावयाचें आणि त्याच्या मोबदल्यांत दिवसाकांठीं कांहीं तास ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ला द्यावयाचे, असा करार झाला. तो प्रसिद्ध होतांच एवढा गदारोळ झाला कीं सरकारला तो गुंडाळून ठेवावा लागला. जेथें परक्याचा आवाज खपत नव्हता, तेथें परक्याचीं लढाऊ विमानें खपणार होतीं काय?

तरी त्याच जुलैंत हवाई संरक्षणाविषयींचा समझोता जाहीर झाला, आणि त्याची शब्दरचना काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. अमेरिका व ब्रिटन यांनीं रडारसामग्री द्यावयाची. तिच्यावर काम करणारीं भारतीय माणसें शिकवून तयार करावयाचीं. त्यांच्या लढाऊ विमानांच्या तुकड्यांनीं अधूनमधून येऊन भारतीय विमानदळाबरोबर संयुक्त कवाइती करावयाच्या. आणि चीनचा हल्ला झालाच तर त्यांनीं भारताशीं विचारविनिमय करावयाचा. लढावयाचें, असें कोठेंहि म्हटलेलें नव्हतें. नेहरूंनीं संसदेंत स्पष्ट केलें कीं, भारताच्या आकाशाचें रक्षण ही सर्वस्वीं भारताचीच जबाबदारी आहे. परकी विमानें येथें कायमचीं राहणार नाहींत आणि परका तळहि होणार नाहीं. आठ महिन्यांपूर्वीं बारा स्क्वाड्रन मागणाऱ्या पत्रापासून हें अंतर फार मोठें होतें. संकट ओसरल्यावर देशानें आपला तोल सावरला, असें त्याचें एक वर्णन करतां येईल. देणाऱ्यानें हात आंखडता घेतला, असें दुसरें. दोन्ही बरोबर आहेत.

अशी हातराखून मैत्री त्या काळीं सर्वत्र नव्हती. उत्तर अमेरिकेंत अमेरिका आणि कॅनडा यांनीं १९५७ सालींच आपल्या हवाई संरक्षणाची सूत्रें एका संयुक्त सेनापत्याकडे दिलीं होतीं, आणि १९५८ च्या मे महिन्यांत तसा करारहि झाला होता. त्यांच्या कवाइती केवढ्या असत? १४ ऑक्टोबर १९६१ रोजीं ‘स्काय शील्ड’ नांवाच्या कवाइतीसाठीं त्या दोन्ही देशांतील सारीं नागरी विमानें बारा तास जमिनीवर बसविण्यांत आलीं. खंडाचें आकाश रिकामें करून त्यांत लुटुपुटीचें महायुद्ध खेळलें गेलें. शत्रूचें सोंग घेणाऱ्यांत ब्रिटनचीं आठ व्हल्कन विमानेंहि होतीं; चार स्कॉटलंडहून उत्तरेच्या वाटेनें आलीं आणि चार बर्म्युडाहून. तें युद्ध लुटुपुटीचें असलें तरी त्याची किंमत खरी होती. त्या कवाइतींतील एक अमेरिकन बी-५२ विमान आठ माणसांसह अटलांटिकवर नाहींसें झालें तें पुन्हां सांपडलें नाहीं. दोन स्वतंत्र राष्ट्रांनीं एकाच हुकुमाखालीं वागण्याचा तो प्रयोग होता. कॅनडांतहि त्यावर वाद झाले. भारतानें त्या वाटेनें जावयाचें नाहीं असें ठरविलें होतें, आणि ‘शिक्षा’ कवाइतीचें खरें वैशिष्ट्य या मर्यादेंतच आहे.

संयुक्त कवाइतींत खरी परीक्षा वैमानिकाच्या शौर्याची नसते. शौर्य सर्वांजवळच असतें. परीक्षा असते ती लहान लहान गोष्टींची. आपला कोण आणि परका कोण हें ओळखण्याचा खुणेचा संदेश सर्वांच्या विमानांत सारखाच आहे काय? ज्या लहरीवर भारतीय नियंत्रक बोलतो ती पाहुण्याच्या यंत्रावर ऐकूं येते काय? इंग्रजी सर्वांनाच येतें, परंतु घाईच्या वेळीं टेक्ससच्या माणसाचें इंग्रजी पंजाबी माणसाला आणि पंजाबी माणसाचें इंग्रजी यॉर्कशरच्या माणसाला कळतें काय? इंधन संपत आलेल्या पाहुण्यानें कोठें उतरावयाचें, त्याच्या चाकांना व नळ्यांना बसतील अशीं साधनें तेथें आहेत काय? या प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मिळत नाहींत. तीं मिळविण्यासाठींच विमानें खरोखर उडवावीं लागतात. एक बाजू शत्रु होते, दुसरी रक्षक. बंदुकीच्या जागीं छायाचित्र घेणारें यंत्र चालतें, आणि संध्याकाळीं सर्वजण एकत्र बसून कोणी कोणाला केव्हां गांठलें याचा हिशेब करतात. तरुण वैमानिकाला या हिशेबांत जें शिकावयास मिळतें तें दहा पुस्तकांत मिळत नाहीं. विशेषतः जो ‘मारला’ गेला त्याला.

भारतीयांच्या दृष्टीनें जॅव्हेलिनचें आगमन सर्वांत उपयुक्त होतें. त्रिकोणी पंखांचें हें अवजड विमान दिसण्यांत गोंडस नव्हतें; पण त्याच्या नाकांत रडार होतें, आंत दोन माणसें बसत, आणि रात्र हाच त्याचा कामाचा वेळ होता. नेमकी हीच उणीव भारतापाशीं होती. त्यामानानें अमेरिकेचीं सुपर सेबर वेगवान आणि देखणीं खरीं, परंतु तीं मुख्यतः दिवसाचीं, जमिनीवरील लक्ष्यांवरहि मारा करणारीं विमानें होतीं. अंधारांत शत्रूला हुडकून काढणें हें त्यांचें काम नव्हे. पत्रांत मागितलें होतें तें सर्व ऋतूंतील विमान. कवाइतीला आलें तें दुसरेंच. ऑस्ट्रेलियाचीं कॅनबेरा तर भारतीयांच्या ओळखीचींच होतीं. भारतीय विमानदळ १९५७ पासून तीं वापरीत होतें. याच वर्षीं सोव्हिएट रशियाकडून मिग-२१ जातीचीं पहिलीं विमानेंहि आलीं होतीं, आणि त्यांची अठ्ठाविसावी स्क्वाड्रन चंदीगडला बसली होती. चंदीगडला रशियन तंत्रज्ञ आणि पालमला अमेरिकन वैमानिक, असा योग जगांत दुसऱ्या कोणत्या देशानें त्या साली जुळवून आणला असेल असें वाटत नाहीं. अलिप्ततेची थट्टा करणाऱ्यांना तें हास्यास्पद वाटलें. परंतु दोन्ही दुकानांत उधारी असली कीं वाणी जरा नरमाईनें बोलतो, हें गृहिणींना समजावून सांगण्याची गरज नाहीं.

त्या नोव्हेंबरचा शेवट मात्र काळा झाला. २२ तारखेला केनेडींची हत्या झाली. आणि त्याच दिवशीं काश्मीरांत पूंछजवळ एक हेलिकॉप्टर तारांत अडकून कोसळलें, त्यांत सेनेच्या व विमानदळाच्या बिनीच्या अधिकाऱ्यांचा अंत झाला. पश्चिम हवाई विभागाचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो त्यांत होते. दोनच वर्षांपूर्वीं गोव्याच्या मुक्तीच्या वेळीं विमानदळाची कामगिरी त्यांनींच पार पाडली होती. ज्यानें पत्रें स्वीकारलीं तो, आणि उत्तरेच्या आकाशाची जोखीम ज्याच्यावर होती तो, असे दोघेहि एकाच दिवशीं गेले.

पुढील वर्षीं, मे १९६४ मध्यें, यशवंतराव चव्हाण अमेरिकेला गेले. मागण्यांत एफ-१०४ हीं स्वनातीत विमानें होतीं. पाकिस्तानला तीं १९६१ पासूनच मिळालेलीं होतीं. भारताला नकार मिळाला. बोलणीं चालू असतांनाच नेहरूंच्या निधनाची वार्ता आली आणि चव्हाण परतले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत ते मॉस्कोला गेले, आणि मिग-२१ भारतांतच बांधण्याची व्यवस्था पक्की झाली. इंजिनें ओरिसांत कोरापुटला, विद्युत्यंत्रें हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला. द्राक्षांच्या मळ्यांशेजारीं स्वनातीत विमानें तयार होऊं लागलीं, तीं या नकारामुळें.

आणि मग सप्टेंबर १९६५ आला. ७ तारखेला पहाटे डाक्क्याहून निघालेलीं पाकिस्तानचीं सेबर विमानें समुद्रावरून अगदीं खालून आलीं आणि कलाईकुंड्यावर तुटून पडलीं. हेंच तें कलाईकुंडा, जेथें दोन वर्षांपूर्वीं हवाई संरक्षणाचे धडे गिरविले गेले होते. पहिल्या हल्ल्याचा इशारा मिळालाच नाहीं. खालून येणारें विमान रडारच्या नजरेखालून निसटतें. धांवपट्टीशेजारीं ओळीनें उभीं असलेलीं कॅनबेरा व व्हँपायर विमानें जळालीं. कांहीं तासांनीं दुसरा हल्ला आला, तेव्हां मात्र इशारा वेळेवर मिळाला. चौदाव्या स्क्वाड्रनच्या हंटर विमानांना नियंत्रकांनीं नेमकें तेथें पोहोंचविलें, आणि आल्फ्रेड कुक व त्यांचे सहकारी ममगाईं यांनीं, संख्येनें कमी असतांहि, हल्लेखोरांना गांठलें. दोघांनाहि वीरचक्र मिळालें. म्हणजे शिकलेला धडा कामीं आला. परंतु हल्ला आला तो चीनकडून नव्हे, ज्याच्याविरुद्ध समझोता होता. आला तो ज्याच्याविषयीं समझोत्यांत चकार शब्द नव्हता अशा शेजाऱ्याकडून. आणि आला तो अमेरिकेंत जन्मलेल्या विमानांतून. पाहुण्यांनीं येथें जें शिकविलें, त्याच्या कितीतरी पट त्यांनीं आधींच पलीकडे शिकविलें होतें. यांत कोणी कोणाला फसविलें असें नाहीं. मित्रराष्ट्र आपल्याला मदत करतें तें त्याच्या शत्रूविरुद्ध. आपले सारे शत्रु त्याचेहि शत्रु असतात, ही समजूत आपण करून घेतलेली असते.

युद्ध सुरू होतांच अमेरिकेनें दोन्ही देशांचें लष्करी साहाय्य थांबविलें. रडारच्या योजनेचें काम त्यांत अडकलें. कवाइतींचा दुसरा हप्ता कधींच झाला नाहीं. रडार आणि दळणवळणाचें देशव्यापी जाळें उभारण्याचें काम मग भारतानें स्वतःच्या हिमतीवर चालविलें. त्याचा मूळ आराखडा जे. आर. डी. टाटा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९६३ च्याच सुमारास घालून दिला होता. तें काम संथ चाललें, पण तें कोणाच्या नकारानें थांबणारें नव्हतें.

अमेरिकेचीं लढाऊ विमानें पुन्हां भारतीयांबरोबर कवाइतीला उतरलीं तीं फेब्रुवारी २००४ मध्यें, ग्वाल्हेरला. मध्यें चाळीस वर्षें गेलीं होतीं. या वेळीं यजमानांच्या हातीं सुखोई आणि नव्यानें सजविलेलीं मिग-२१ होतीं, आणि पाहुण्यांच्या एफ-१५ विमानांना त्यांनीं चांगलेंच झुंजविलें. त्याची चर्चा अमेरिकेंत बरेच दिवस चालली होती. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत ‘तरंग शक्ति’ नांवाची कवाइत झाली. ब्रिटिश दक्षिणेंत सुलूरला आले, अमेरिकन व ऑस्ट्रेलियन जोधपूरला. भारतानें भरविलेली ही पहिलीच बहुराष्ट्रीय हवाई कवाइत, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. १९६३ सालच्या पालम आणि कलाईकुंडा येथील त्या दिवसांची तेव्हां कोणाला फारशी आठवण झाली नाहीं. नेहरूंच्या दुसऱ्या पत्राची प्रत मात्र बॉस्टनमधील केनेडी ग्रंथालयांत २०१० सालीं सर्वांस खुली झाली. ज्याला वाचावयाची असेल त्यानें वाचावी.